पुंजाजी मिस्तरीची दाढ

"आधी मलकापूर," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"आधी रोहिणखेड," पुंजाजी म्हणाला. निदान तसं म्हणायचा त्याने प्रयत्न केला. उजवा गाल सुजून डोळ्याला भिडला होता, आणि तोंडातून शब्दांपेक्षा कण्हणंच जास्त बाहेर पडत होतं.

मोताळ्याच्या फाट्यावर हिंमतरावांनी धाडलेली बैलगाडी उभी होती. एक रस्ता मलकापूरला, दाताच्या डॉक्टरकडे जाणारा. दुसरा रोहिणखेडला, हिंमतरावांच्या पिठाच्या गिरणीकडे. गाडीवानाच्या दोन बिड्या संपल्या तरी नवराबायकोचं काही ठरेना.

"रातभर भिंतीले डोकं लावून बसले होते तुम्ही," अन्नपूर्णाबाई त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली. "त्या दाढेत काय सोनं पुरलं हाये?"

"सोनं नाही. कान हाये माह्या."

गाडीवानाला वाटलं, मिस्तरीच्या डोक्यात ताप गेला. पण पुंजाजी अगदी खरं बोलत होता. सव्वीस वर्षं तेलाच्या इंजिनांच्या धुराड्याशेजारी काढल्यावर त्याचे दोन्ही कान चार वर्षांपूर्वी कामातून गेले होते. कानाजवळ थाळी वाजवली तरी तो ढिम्म हलत नसे. इंजिन मात्र त्याला अजून ऐकू येई, ते दाढेतून. हातभर लांबीच्या पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक चालत्या इंजिनवर टेकवायचं आणि लाकडी मूठ दाढांत घट्ट धरायची. मग इंजिनच्या पोटातली खडखड, धाप, उचकी, सगळं दाढेतून थेट डोक्यात येई. मुठीला पकड मिळायची तर वरची एक आणि खालची एक अशा दोन दाढा समोरासमोर लागतात. बाकीचे दात तंबाखूने नेले होते आणि एवढी एकच जोडी शिल्लक होती. त्यातली वरची आता किडली होती.

शेवटी तह झाला. आधी इंजिन, पण तिथून त्याच गाडीने सरळ मलकापूर. आणि मिस्तरी वाटेत पळून जाऊ नये म्हणून बायको सोबत.

ती तशीही सोबत असायचीच. त्याचे कान गेले हे पंचक्रोशीत फक्त तिला ठाऊक होतं. बहिऱ्या मिस्तरीला कोण बोलावणार? म्हणून तिने एक युक्ती काढली होती. कोणी पुंजाजीला काही विचारलं की ती लगेच मध्ये पडायची, नवऱ्याकडे तोंड करायची आणि तोच प्रश्न पुन्हा, ठसठशीत ओठ हलवून म्हणायची. पुंजाजी ओठ वाचायचा आणि गंभीरपणे उत्तर द्यायचा. परिणाम असा झाला की पुंजाजी मिस्तरी हा मोजकं बोलणारा खानदानी माणूस म्हणून नावाजला गेला, आणि अन्नपूर्णाबाई ही तोंडाळ, नवऱ्याला बोलू न देणारी बाई म्हणून. तिला याचा राग यायचा, पण तो काढणार कुणावर? ज्याच्यावर काढायचा त्याला ऐकू येत नव्हतं.

रोहिणखेडला गिरणीसमोर जत्रा भरावी तशा बाया बसल्या होत्या. दिवाळी चार दिवसांवर आली होती. चकलीची भाजणी, लाडवाचं बेसन, अनारशाचे तांदूळ, सगळे डबे ओळीत मांडलेले, आणि गिरणी बंद. गावात वीज अजून यायची होती, त्यामुळे साऱ्या गावाची दिवाळी त्या एका इंजिनवर होती. आणि इंजिनने दसऱ्यापासून एक विचित्र नाद धरला होता. सुरू केलं की झकास चालायचं, आणि बरोबर चाळीस मिनिटांनी धाप लागून बंद पडायचं. पुन्हा सुरू केलं की पुन्हा चाळीस मिनिटं.

"मलकापूरहून हे दयाराम तीनदा येऊन गेले," हिंमतराव म्हणाले. "तिन्ही खेपा इंजिन दुरुस्त झालं, अन तिन्ही खेपा बिघडलं."

"हे दयाराम तीनदा येऊन गेले," अन्नपूर्णाबाईने नवऱ्याकडे तोंड करून घोकलं. "दुरुस्त होते अन बिघडते."

"बाई, मिस्तरीले सांगतलं मी. तुले नाही," हिंमतराव म्हणाले. ओळीत बसलेली कोकिळा नावाची गावातली एक सून शेजारणीच्या कानाला लागली, "ऐकलं तसंच निंगालं, माय. त्या गरिबाले तोंड उघडू देत नाही."

अन्नपूर्णाबाईने ते ऐकलं. तिचे कान चांगले होते.

दयाराम हा इंजिनच्या दुकानातला तिशीतला माणूस, नागपूरहून डिप्लोमा घेऊन आलेला, खिशाला दोन पेनं लावणारा. स्वभावाने वाईट नव्हता. त्याची रीत पुस्तकातली होती: यंत्र बंद करायचं, खोलायचं, एकेक भाग घासूनपुसून कागदावर मांडायचा, तपासायचा, पुन्हा बसवायचा. तिन्ही वेळा त्याने हे मन लावून केलं, तिन्ही वेळा सगळे भाग निर्दोष निघाले आणि इंजिन टुणकन सुरू झालं. मग तो मलकापूरच्या मोटारीला धावायचा. मोटार सुटली की दहा मिनिटांनी इंजिन बंद पडायचं.

"मी तर आता म्हणतो, पुरं इंजिनच बदलून टाका," दयाराम म्हणाला.

अन्नपूर्णाबाईच्या ओठांवरून हे वाचून पुंजाजीने मान हलवली. "खोलून काय समजते? बंद इंजिन म्हन्जे झोपलेलं मानूस. झोपलेल्याचा हात उचलून पाह्यला तं तो उचलतेच. कुठं दुखते हे त्याले जागेपनी इचारा लागते. अन काम करून राह्यलं असताना इचारा लागते. सुरू करा. पट्टा चढवा. बायाहो, दयन लावा."

दळण सुरू व्हावं, बायांना एवढंच हवं होतं. हॅन्डल मारलं गेलं, इंजिन पुकपुकायला लागलं, आणि पहिली भाजणी जात्याच्या तोंडात पडली.

पुंजाजी इंजिनशेजारी पाटावर बसला. त्याने पेचकसाचं टोक पंपाच्या अंगावर टेकवलं, मूठ दाढांत धरली, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वेदना टाळूतून कपाळापर्यंत गेली. बायांना ते दृश्य फार भक्तिभावाचं वाटलं. एक म्हातारी म्हणाली, "पाह्य, इंजिनचं दुक त्याच्या डोयात आलं."

मग त्याचं विचारणं सुरू झालं. विचारणं म्हणजे असं: एका जागचा नट पाव आटा सैल करायचा आणि इंजिन काय म्हणतं ते ऐकायचं. काही म्हणालं नाही तर नट होता तसा आवळायचा आणि मगच दुसऱ्या जागी जायचं. एका वेळी एकच प्रश्न, आणि विचारून झाला की मागे घ्यायचा, म्हणजे पुढच्या उत्तरात त्याची भेसळ होत नाही. दयाराम मनगटावरचं घड्याळ बघत उभा होता. पंप नीट होता, झडपा नीट होत्या. अर्धा तास गेला तरी इंजिनची काही तक्रार नव्हती.

सदतिसाव्या मिनिटाला पुंजाजीच्या भुवया वर गेल्या. पंपाचा ठोका पोकळ झाला होता. घोट घेणारा माणूस रिकामा पेला तोंडाला लावतो, तसा. पुंजाजीने घाईने तेलाच्या फिल्टरवरचा नट सैल केला. त्यातून तेल ठिबकायला हवं होतं. एक थेंब आला नाही. उलट इंजिननेच त्या फटीतून हवा ओढली, दोनदा गचके खाल्ले आणि बंद पडलं. प्रश्न बरोबर होता, पण पेशंटला सोसला नाही.

"तेल पोचून नाही राह्यलं," पुंजाजी नट पुन्हा आवळून, मूठ काढत म्हणाला.

"असं कसं?" दयारामने टाकीचं झाकण उघडून आत काडी बुडवली. "ही पाहा, अर्धी टाकी भरलेली." मग त्याने फिल्टरचा तोच नट सैल केला. तेल भळाभळा आलं. "हे घ्या. पोचते की."

बाया हसल्या. अन्नपूर्णाबाईने दयारामचे शब्द नवऱ्याला पोचवले. पुंजाजी मात्र त्या नटाकडे बघत राहिला. दोन मिनिटांपूर्वी याच नटातून थेंब येत नव्हता, आणि आता धार लागली होती. इंजिन तेच, तेल तेच. मधल्या वेळात काय बदललं होतं?

"कुठं हात लावला बे तू?" त्याने विचारलं.

"कुठंच नाही. झाकण उघडून तेल पाह्यलं फक्त," दयाराम म्हणाला, आणि अन्नपूर्णाबाईने ते नवऱ्याला पोचवलं.

"दर खेपी पाह्यतं?"

"पाहावंच लागते. पहिला नियम आहे तो."

पुंजाजीने सुजलेल्या गालावर हात ठेवला. "पुन्हा सुरू करा. आता झाकनाले कोनी हात लावला तं मी उठून घरी जाईन."

"आधी दवाखाना," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"अजून चायीस मिनिटं. उत्तर ओठावर आलं हाये त्याच्या."

पुंजाजीला संशय आला होता, पण संशयावर त्याने आजवर कुणाचं इंजिन दुरुस्त केलं नव्हतं. इंजिन तहानलेलं असेल, पण मेलेलं नसेल, अशी एकदीड मिनिटाची वेळ गाठायची होती. त्या वेळात झाकण अर्धा आटा फिरवायचं. इंजिनने उभारी धरली तर दोष झाकणाचा. आधी फिरवलं तर काहीच कळणार नाही, आणि उशीर झाला तर पुन्हा चाळीस मिनिटं. तेवढी त्या दाढेत आता नव्हती, हे त्यालाही कळत होतं.

इंजिन सुरू झालं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. कोकिळेचे अनारशाचे तांदूळ आधीच्या बाईच्या बेसनात थोडे मिसळले, त्यावरून खडाजंगी झाली आणि मिटली. पुंजाजीच्या कपाळावर घामाचे थेंब होते. बत्तिसाव्या मिनिटाला त्याने पकड जरा घट्ट केली. आतून कडकन आवाज आला. तो त्याला चांगला ऐकू आला, कारण दाढेने ऐकलेला तो शेवटचा आवाज होता.

त्याने मूठ तोंडातून काढली. दाढ लाकडात रुतून मुठीबरोबरच बाहेर आली होती.

बाया पदर तोंडाला लावून मागे सरल्या. दयाराम पाणी आणायला धावला. पुंजाजीने चूळ भरली, दाढ धोतराच्या सोग्यात बांधली, आणि पेचकस पुन्हा टेकवून मूठ हिरडीवर दाबली. काही नाही. दुसऱ्या बाजूला दाबली. नुसती गुदगुली होत होती. समोर इंजिनचं चाक गरगर फिरत होतं, पट्टा पळत होता, बाया बोलत होत्या, आणि कुठूनही काही येत नव्हतं. पुंजाजीला भीती वाटली. चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपण बहिरे आहोत असं वाटलं.

दयारामने त्याच्यासमोर चार बोटं धरली आणि घड्याळ दाखवलं. चार मिनिटं उरली होती. हिंमतराव काहीतरी विचारत होते. अन्नपूर्णाबाई सवयीने पुढे झाली, नवऱ्याकडे वळली, तोंड उघडलं.

"थांब," पुंजाजी म्हणाला. मग तो हिंमतरावांकडे वळला. आपला आवाज किती मोठा झालाय हे त्याला कळत नव्हतं, त्यामुळे गिरणीतल्या शेवटच्या बाईपर्यंत तो स्पष्ट पोचला. "मले आयकू येत नाही, हिंमतराव. चार वर्सं झाले. इंजिनचं दाढेनं आयकत होतो, अन मानसायचं हिच्या तोंडून. ही मधात बोलते ते माह्यासाठी बोलते."

अन्नपूर्णाबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, आणि तेवढ्यात पुंजाजीने पेचकसाची मूठ धोतराला पुसून तिच्यापुढे धरली.

"धर दाढेत."

"मी? मले काय समजते त्यातलं?"

"समजनं माह्यं काम. तू फक्त आयक."

"चार मानसांत लोखंड चावू मी?"

"लाकूड हाये. धर लौकर."

तिने पदर खोचला. नवऱ्याने दाखवलं तिथे पंपावर टोक टेकवलं, घट्ट, शाबूत दाढांत मूठ धरली आणि ती दचकली. "उं!" असं काहीतरी म्हणाली, आणि लक्षात आलं की आता बोलता येणार नाही. साऱ्या पंचक्रोशीत तोंडाळ म्हणून गाजलेली बाई लाकूड तोंडात धरून मुकाट बसली होती. क्षणभर ती नुसती डोळे मोठे करून बघत राहिली. मग तिने नवऱ्याचं मनगट पकडलं आणि त्यावर बोटाने ठोके द्यायला लागली. टक, टक, टक. इंजिन जसं म्हणत होतं तसं.

पुंजाजीने डोळे मिटले. ठोका भरीव होता. पंपाचाच होता. या बाईला पंप कुठला आणि झडप कुठली हे ठाऊक नव्हतं, पण ती एकही ठोका गाळत नव्हती. त्याने दुसरा हात टाकीच्या झाकणावर ठेवला.

दोन मिनिटं गेली. मग बोट हलकं पडलं. एकदा अडखळलं. अन्नपूर्णाबाईच्या कपाळाला आठी पडली आणि तिने त्याचं मनगट जोरात दाबलं.

त्याने झाकण अर्धा आटा फिरवलं. टाकीने सूं करून श्वास घेतला, तो गिरणीतल्या सगळ्यांनी ऐकला. अन्नपूर्णाबाईचं बोट क्षणभर थांबलं आणि मग पुन्हा मनगटावर पडू लागलं, आधीपेक्षा ठणठणीत. पुंजाजीने झाकण आवळलं आणि डोळे उघडले.

"सापडलं," तो म्हणाला.

त्याने झाकण काढून उलटंसुलटं केलं. टाकीत तेल कमी होतं तशी वरून हवा आत यावी, म्हणून झाकणाला सुईएवढं एक भोक असतं. तिथे चांगला दोन पदरी शेंदूर थापलेला होता, तेलात कालवून, त्यावर हळद, त्यावर पीठ बसून सिमेंटसारखा झालेला. हवा आत जाईना, म्हणून तेल बाहेर येईना. तेल बघायला कोणी झाकण उघडलं की हवा मिळायची आणि पुढच्या चाळीस मिनिटांची सोय व्हायची. दयारामने तिन्ही वेळा पहिल्याच नियमाने इंजिन दुरुस्त केलं होतं आणि नंतर तीन तास खोलत बसला होता.

सगळ्यांच्या नजरा हिंमतरावांच्या आईकडे गेल्या. रुक्मिणीबाई गल्ल्याजवळ चौरंगावर बसल्या होत्या.

"दसऱ्याले सस्तराची पूजा करत नाहीत काय?" त्या म्हणाल्या. "घरात तलवार नाही. इंजिन हाये. त्याच्या मस्तकाले शेंदूर लावला मी. त्यात काय चुकलं?"

हिंमतराव छताकडे बघू लागले. आईची पूजा इंजिनला बाधली असं म्हणायची त्यांची हिंमत नव्हती. पुंजाजीने पुन्हा बायकोकडे बघितलं. तिने मूठ तोंडातून काढली, ओठ पुसले आणि रुक्मिणीबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"चुकलं नाही, आई," पुंजाजी म्हणाला. "पन ते मस्तक नाही, नाक हाये त्याचं. पुढल्या साली चाकाले लावा."

रुक्मिणीबाईंनी विचार केला आणि हे मान्य केलं. दयारामने खिशातलं एक पेन काढून झाकणाचं भोक स्वतः साफ केलं. मग तो पुंजाजीसमोर येऊन बसला, नीट त्याच्या डोळ्यांपुढे, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मिस्तरी, हे मले शिकवा."

"तुह्ये दात कसे हायेत?" पुंजाजीने विचारलं. दयारामने तोंड उघडून दाखवलं. पुंजाजीने आत डोकावून पाहिलं. "तंबाखू सोड आधी."

निघताना कोकिळेने भाजणीचा एक डबा गाडीत अन्नपूर्णाबाईशेजारी आणून ठेवला. मग तिने पदर सारखा केला आणि गाडी हलेपर्यंत तिथेच उभी राहिली. मलकापूरला जायचं आता काही कारण उरलं नव्हतं. गाडीवानाने बैल मोताळ्याकडे, घरच्या वाटेला वळवले.

दोघं पाठीला पाठ लावून बसली होती. उन्हं कलली होती, दोन्हीकडे कपाशी फुटली होती. बऱ्याच वेळाने पुंजाजीने हात मागे केला आणि बायकोच्या दंडाला लावला.

"चालून राह्यलं का?"

तिने मागे कान दिला. गिरणीचा पुकपुक आवाज शेतांवरून येत होता. तिने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि मनगटावर बोटाने ठोके द्यायला लागली. तो मान हलवत ऐकत राहिला. एका वळणाशी तो पुटपुटला, "भार वाढला. बाजरी टाकली असंन कोनी." तिने हसून ठोके चालू ठेवले.

नाला ओलांडला तसं तिचं बोट हळू पडायला लागलं. मग फारच हळू. मग थांबलं.

पुंजाजी दचकून वळला. "बंद पडलं?"

अन्नपूर्णाबाईने तोंड त्याच्यासमोर आणलं.

"नाही," ती म्हणाली. "आपुन दूर आलो."